यंत्र बदलले, ओळख जुन्यातच राहिली

प्रश्न : आमच्या सन फायर व्ही १२० या सर्व्हरचा मदरबोर्ड निकामी झाला, म्हणून त्याच्या हार्ड डिस्क त्याच मॉडेलच्या दुसऱ्या यंत्रात बसवल्या. सोलारिस ही कार्यप्रणाली सुरू झाली, पण एका सॉफ्टवेअरचा परवाना चालेना आणि डीएचसीपीकडून (नेटवर्कवर यंत्रांना आपोआप पत्ते देणाऱ्या सेवेकडून) आयपी पत्ताही वेगळाच मिळू लागला. जुन्या यंत्रातील छोटे कार्ड नव्यात घातल्यावर या दोन्ही तक्रारी मिटल्या. मात्र आता यंत्र दर वेळी 'ओके' या प्रॉम्प्टवर येऊन थांबते. कार्ड खराब झाले असेल का?

उत्तर : तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून कार्ड ठीक दिसते, त्यात साठवलेली एक जुनी सेटिंग तुम्हाला अडवत असावी. सन कंपनीच्या आधीच्या यंत्रांत होस्ट आयडी (यंत्राचा ओळख क्रमांक) आणि इथरनेट पत्ता (नेटवर्क पोर्टचा मॅक पत्ता) एनव्हीरॅम या बॅटरीवर माहिती जपणाऱ्या चिपमध्ये असे आणि त्या चिपमधील बॅटरी संपली की यंत्र स्वतःची ओळखच विसरत असे. व्ही १२० मध्ये हीच माहिती सिस्टीम कॉन्फिगरेशन कार्डावर असते, त्यामुळे बोर्ड बदलला तरी कार्डाबरोबर ओळखही हलवता येते. 'ओके'पुढे 'बॅनर' असे टाइप केल्यास इथरनेट पत्ता आणि होस्ट आयडी एकाच ओळीत दिसतात; दोहोंचे शेवटचे सहा अंक सारखेच असल्याचे तुमच्या लक्षात येईल. परवाना होस्ट आयडीला बांधलेला होता आणि डीएचसीपी इथरनेट पत्ता पाहून आयपी देत होता, म्हणून केवळ डिस्क हलवून काम भागले नाही.

परंतु त्याच कार्डावर ओपनबूटच्या, म्हणजे सोलारिसच्या आधी चालणाऱ्या आणि 'ओके' दाखवणाऱ्या प्रणालीच्या, सेटिंगही राहतात. पूर्वी कधीतरी तपासणीसाठी कोणी 'ऑटो-बूट?' (कार्यप्रणाली आपोआप सुरू व्हावी का) ही सेटिंग 'फॉल्स' करून ठेवली असावी, आणि यंत्र अखंड चालू असल्याने ते कोणाच्या ध्यानात आले नसावे. 'प्रिंटएन्व्ह' देऊन खात्री करा आणि 'सेटएन्व्ह ऑटो-बूट? ट्रू' द्या. नावातील प्रश्नचिन्ह गाळू नका. ते नावाचाच भाग आहे, कारण ओपनबूट ज्या फोर्थ या प्रोग्रामिंग भाषेवर बेतलेले आहे तिच्यात होय-नाही स्वरूपाच्या नावांना प्रश्नचिन्ह जोडण्याचा प्रघात आहे. त्याच यादीत 'बूट-डिव्हाइस' (कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे ते) हेही पाहा, कारण डिस्कची जागा अदलाबदल झाली असेल तर पुढची अडचण तिथेच येईल. सगळे 'सेट-डीफॉल्ट्स'ने पुसून टाकण्याचा मोह होतो, आणि त्याने ओळख पुसली जात नाही हेही खरे. पण कोणी विचारपूर्वक केलेले बदल त्यात जातात, म्हणून मी आधी ती यादी कागदावर उतरवून घेतो. कार्ड काढताना किंवा घालताना यंत्राचा वीजपुरवठा बंद असावा.

प्रश्न : सर्व्हरची दोन्ही नेटवर्क पोर्ट एकच मॅक पत्ता दाखवतात. हा दोष आहे का?

उत्तर : नाही. 'लोकल-मॅक-अॅड्रेस?' ही सेटिंग 'फॉल्स' असली की सर्व पोर्ट यंत्राचा एकच पत्ता वापरतात. दोन्ही पोर्ट एकाच स्विचला जोडायची असतील तर ती 'ट्रू' करून यंत्र पुन्हा सुरू करावे.