मालाच्या तीनचाकी सायकलला मोटर: किती वॅट, कोणती बॅटरी?

मालाच्या सायकलला मोटर बसवायचीय; पाण्याचे सहा जार, रोज 25 किमी आणि वाटेत एक चढ, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे चालक आणि गाडी धरून साधारण 250 किलो. सपाट रस्त्यावर ताशी 15 किमीने जायला चाकापाशी जेमतेम 150 वॅट लागतात. खरी परीक्षा चढावर. 5 टक्के चढ (100 मीटरला 5 मीटर वर) ताशी 10 किमीने चढायचा तर 450 वॅट, म्हणून 48 व्होल्ट, 500 वॅटची गियरवाली मोटर घ्या आणि चेनने मागच्या अ‍ॅक्सलला जोडा. पुढच्या चाकातली हब मोटर (चाकाच्या तुंब्यातच बसणारी) स्वस्त आणि बसवायला सोपी, पण वजन सगळं मागे असल्याने ओल्या चढावर ते चाक जागीच फिरतं.

बॅटरीसाठी किमीला 25 वॅट-तास धरा: 625 झाले. 48 व्होल्ट, 20 अँपिअर-तासांचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी पॅक 960 वॅट-तास देतो, 80 टक्के वापरला तरी पुरतो. त्याच क्षमतेची लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, आणि दुप्पटीहून जड. स्वस्त म्हणून तिच्या नादी लागू नका. बीएमएस (बॅटरीला जपणारं सर्किट) मात्र कंट्रोलरच्या (मोटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) कमाल करंटपेक्षा जास्त करंट झेपणारा हवा, नाहीतर नेमका चढावर ट्रिप होऊन वीज तोडेल.

250 वॅट किंवा ताशी 25 किमीच्या पुढे गेलात की नोंदणीचा प्रश्न येतो, आरटीओत आधी विचारा. आणि ब्रेक! सायकलचे रबरी ब्रेक 250 किलोला उतारावर आवरत नाहीत. मागे ड्रम किंवा डिस्क बसवल्याशिवाय जार चढवू नका.