"हाडं ठिसूळ होणं हा बायकांचा आजार ना? मग मला कसा?"

मनगटाला प्लास्टर घालून आलेले, पासष्टी ओलांडलेले गृहस्थ बहुधा हाच प्रश्न विचारतात. त्यामागे दडलेला दुसरा प्रश्न बरोबर आलेल्या काकू विचारतात : "आता खुबा मोडून हे अंथरुणाला खिळणार का?" पुढची हकिगत अशा अनेक काकांच्या नोंदी एकत्र करून लिहिली आहे, म्हणजे कुणा एकाची ओळख पटू नये.

काका ६८ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. न्हाणीत पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. त्याआधी वॉर्डातल्या मोफत शिबिरात टाचेवर यंत्र लावून 'हाडं कमजोर' अशी चिठ्ठी मिळाली होती, म्हणून मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की गोळ्यांचा डोस वाढवून द्या.

टाचेची तपासणी ही फक्त चाळणी. निदानासाठी खुबा आणि कंबरेच्या मणक्यांचा डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे, लागतो. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती हे सांगणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात. काकांचा मणक्यांचा आकडा उणे १.६ आला, खुब्याचा उणे २.७. मणक्यांचा आकडा पाहून घरचे सुखावले, पण वयस्क पुरुषांत तोच आकडा फसवतो. झिजलेल्या मणक्यांच्या कडांना वाढलेलं हाड आणि महाधमनीत साठलेला चुना यांमुळे घनता खोटी जास्त दिसते. अशा वेळी विश्वास खुब्यावर ठेवायचा.

दुसरा धागा उंचीचा. नोकरीत लागतानाच्या वैद्यकीय दाखल्यावर १७२ सेंटिमीटर होती, आता भिंतीला टेकवून मोजली तर १६७. तरुणपणापेक्षा उंची ४ सेंटिमीटर किंवा जास्त घटली असेल तर मणक्याचा बाजूने एक्स-रे काढायला सांगतात. काकांचा एक मणका पुढून चेपलेला निघाला. 'कंबर धरली' म्हणून बाम चोळला होता, ती दुखणी बहुधा याचीच. रक्तातलं कॅल्शियम मात्र नॉर्मल. ते नॉर्मल ठेवण्यासाठीच तर शरीर हाडांतून उचल घेत असतं, तेव्हा त्या रिपोर्टवर निर्धास्त राहू नये.

बायकांत पाळी गेल्यावर झीज एकदम वेगाने होते, पुरुषांत ती सावकाश होते. पण पुरुषाचं हाड एवढं ठिसूळ झालं असेल तर बऱ्याचदा मागे एखादं वेगळं कारण सापडतं. खुबा मोडल्यावर वर्षभरात दगावण्याचं प्रमाणही पुरुषांतच जास्त आहे. म्हणून गोळ्यांचा हिशोब बाजूला ठेवून आधी दिनक्रम विचारायचा.

"दारू?" "रोज दोनच पेग." पेग केवढा हे मात्र विचारावंच लागतं. ३० मिलीचा पेग म्हणजे साधारण एक युनिट, ६० मिलीचा म्हणजे दोन. काकांचे दोन साठचे, म्हणजे चार युनिट. हाड मोडण्याची जोखीम काढणाऱ्या फ्रॅक्स या गणितात रोज तीन युनिटांपासून दारू धोक्यात धरतात. दारू हाड बांधणाऱ्या पेशींना मंदावते, पुरुषी संप्रेरक घटवते आणि रात्री लघवीला उठताना तोल घालवते.

विडी चाळीस वर्षांची, दिवसाला अर्धं बंडल. ती सोडून काका तंबाखूवर आले होते आणि वर म्हणत होते, "चुना जातोच की पोटात, कॅल्शियमच तो!" चिमूटभर चुन्यातला बराचसा थुंकीबरोबर जातो, उरलेला गालाची आतली त्वचा भाजतो, आणि निकोटिन रक्तात जायचं ते जातंच. हा हिशोब तोट्याचाच.

सर्वांत महत्त्वाची माहिती काकूंनी दिली. गुडघ्यांसाठी बाजारातल्या एका माणसाकडून दोन वर्षं पुडी चालू होती, 'दोन दिवसांत फरक' देणारी. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. चेहरा गोल होणं, कातडीवर सहज काळेनिळे डाग पडणं, साखर वाढणं या त्याच्या खुणा. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, तीन महिन्यांहून अधिक घेतलं तर हाडांना धोका धरतात. दम्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनाही हेच लागू. पण पुडी रागाने एका दिवसात फेकायची नाही. शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, मग उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जायचं आणि डोस त्यांच्या देखरेखीखाली उतरवायचा.

आहारातलं कॅल्शियम मोजलं तर तुटीचंच होतं : चहातलं दूध आणि एक वाटी दही. वृद्धांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस रोज १२०० मिलिग्रॅमची आहे. ती अशी गाठायची : ३०० मिली दूध साधारण ३५०, ५० ग्रॅम नाचणीची भाकरी १७५, मोठी वाटी दही १५० ते २००, चमचाभर तिळाची चटणी शंभरच्या आसपास, आणि डाळ-भाजीतून आणखी थोडं. उरलेली तूट गोळीने भरायची. कॅल्शियम कार्बोनेटची १२५० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे प्रत्यक्ष ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. ती जेवणाबरोबर, एका वेळी एकच. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर. पापड-लोणच्याला हात आखडता, कारण मिठाबरोबर कॅल्शियमही लघवीतून जातं.

'कोवळं ऊन रोज घेतो' हे उत्तर हमखास मिळतं. पहाटेचं ऊन सुखाचं, पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण त्यात फारच थोडे, आणि खिडकीच्या काचेतून तेही येत नाहीत. आपली सावली उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन हवं. हातपाय उघडे ठेवून वीसेक मिनिटं. ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट डॉक्टर सहसा आठवड्याला एक देतात. गैरसमजातून ते रोज घेणारे भेटतात आणि मग रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, गोंधळलेपण सुरू होतं.

व्यायाम म्हणजे फक्त फेरी नव्हे. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीवर जोर. मणका चेपलेला असताना सूर्यनमस्कारातलं पुढे वाकणं आणि पश्चिमोत्तानासन बंद. वाकताना मणक्याच्या पुढच्या भागावरच दाब येतो. काका ५४ किलोचे होते, त्यामुळे डाळ, अंडी, दूध वाढवून वजनही थोडं वर आणायचं ठरलं.

राहिला काकूंचा प्रश्न. खुबा मोडतो तो बहुतेक वेळा पडल्यामुळे, म्हणून न्हाणीत दांडी, कोरडी फरशी, रात्रीचा दिवा आणि मागे पट्टा असलेली चप्पल. प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन चालू असेल तर उठताना चक्कर येऊ शकते; अंथरुणाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभं राहायचं.

काकांना डॉक्टरांनी हाडांची झीज रोखणारी ॲलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्याला एक दिली. ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिका जाळते; चहाही नाही, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. काकांची पहिली हरकत चहावरच होती. तेव्हा गोळीचा वार रविवार ठरला, कारण त्या दिवशी घरात चहा तसाही उशिराच होतो. पुढचा डेक्सा दीड-दोन वर्षांनी, त्याच यंत्रावर.