आधी विचार, कुठे बसला होतात

प्रिय मुली,

मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांच्या आठवणी गोळा करायच्या मुलाखतींसाठीची तुझी प्रश्नावली वाचली. पहिल्याच प्रश्नावर काट मारली आहे, रागावू नकोस. "मिशिगनचा घरच्या मैदानावरचा तुमच्या मते सर्वांत अविस्मरणीय सामना कोणता?" हा प्रश्न ॲन आर्बरमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या गावात, कुणालाही विचार, उत्तर तयारच असतं. 1969 ची ओहायो स्टेट, 1979 ची इंडियाना, 1991 चा डेस्मंड हॉवर्डचा झेल, 1997 चा चार्ल्स वुडसन, 2011 ची ती रात्र. हंगाम तोंडावर आला की कुणी ना कुणी ही यादी छापतं आणि माणसं ती वाचून वाचून स्वतःची आठवण तिच्यात बसवून घेतात. यादी तुला घरबसल्या मिळेल. तेवढ्यासाठी पंचाहत्तरीच्या माणसाचा दिवाणखाना अडवून बसायला नको.

त्याऐवजी आधी विचार, "तुम्ही कुठे बसला होतात?" मग, "शेजारी कोण होतं?" आणि, "घरी कसे गेलात?" या तीन प्रश्नांवर अर्धा तास सहज जातो, आणि त्या अर्ध्या तासात यादीत नसलेलं सगळं बाहेर येतं.

असं का, ते तुला स्टेडियमच सांगेल. फील्डिंग योस्टने 1927 साली ते बांधून घेतलं ते बरंचसं जमिनीच्या पोटात. रस्त्यावरून बघितलं तर इतकी माणसं आत मावत असतील असं वाटत नाही. दारातून शिरलं की आपण वरच्या कडेला उभे असतो आणि तिथून खाली उतरायचं. अधिकृत क्षमता 1,07,601. शेवटचा तो एक आकडा फ्रिट्झ क्रिसलर या जुन्या प्रशिक्षकाच्या मानाचा म्हणतात, आणि ती जागा नेमकी कोणती हे कुणालाच ठाऊक नाही. नोव्हेंबर 1975 पासून, कोविडचं 2020 साल सोडलं, तर इथल्या एकाही सामन्याला लाखाच्या आत गर्दी झालेली नाही. बहुतेक जागा म्हणजे हात नसलेली लांब बाकडी. थंडीत सगळे जाड कोट घालून आले की प्रत्येकाच्या वाट्याला वीतभर कमीच येतं. मागच्याचे गुडघे आपल्या पाठीत, आपले पुढच्याच्या. हंगामाची तिकिटं आजोबांकडून नातवापर्यंत चालत येतात, त्यामुळे शेजारीही वर्षानुवर्षं तेच. रांग विचारलीस की शेजारी आठवतो आणि शेजारी आठवला की तो काय ओरडला तेही आठवतं. धावफलक सगळ्यात शेवटी.

सुरुवात 1969 पासून कर, आणि लवकर कर. त्या वर्षी विशीत असलेली माणसं आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. 22 नोव्हेंबरचा सामना. ओहायो स्टेट हा कट्टर प्रतिस्पर्धी संघ देशात पहिल्या क्रमांकावर, सलग 22 सामने जिंकून आलेली. आदल्या वर्षी त्यांनी मिशिगनला 50-14 असं धुतलं होतं, तेही मोठी आघाडी हातात असताना शेवटच्या टचडाउननंतर (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार नेला की सहा गुण) आणखी दोन गुणांसाठी जोर लावून. प्रशिक्षक बो शेम्बेक्लर मिशिगनला नवा, पहिलंच वर्ष. आणि समोरचा प्रशिक्षक वुडी हेज म्हणजे त्याचा गुरू, ज्याच्या हाताखाली तो खेळला आणि ज्याचा तो सहायकही होता. मिशिगनने 24-12 असा सामना घेतला. बॅरी पिअरसनने तीन वेळा त्यांचा पास मधल्यामध्ये अडवला आणि एका पंटवर, म्हणजे त्यांनी लाथ मारून दूर उडवलेला चेंडू धरून, 60 यार्ड धावला.

आता यातली गंमत बघ. सगळे 36 गुण मध्यंतराच्या आत झाले. दुसऱ्या अर्धात फलक हललाच नाही. तरीही ज्यांनी ज्यांनी मला हा सामना सांगितला, ते सगळे दुसऱ्या अर्धाबद्दलच बोलले. घड्याळाकडे बघत बसलो, बायकोचा हात धरून ठेवला होता, ओहायो आता परतेल, आता परतेल. एका गृहस्थांनी तर मला दुसऱ्या अर्धातलं एक टचडाउन रंगवून सांगितलं. असं झालं तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नकोस. "ते कुणी केलं?" एवढंच विचार आणि लिहून घे. नंतर बेंटली ग्रंथालयात जा, विद्यापीठाच्या खेळांची जुनी कागदपत्रं तिथे नीट लावलेली आहेत, आणि त्या दिवसाची नोंद काढ. मग ती घेऊन त्यांच्याकडे परत जा. दुसऱ्या भेटीत माणसं जास्त खरं बोलतात आणि जास्त रमतातही. छापताना नोंद आणि आठवण दोन्ही शेजारी शेजारी छाप. त्या गृहस्थांना ते टचडाउन का लागलं, हे वाचणाऱ्याला आपोआप कळेल.

हवामानाचंही तेच. त्या एकाच दुपारी मी ऊनही ऐकलंय आणि बर्फही.

1979 ला तुला वेगळीच अडचण येईल. 27 ऑक्टोबर, इंडियानाशी 21-21 अशी बरोबरी, घड्याळात सहा सेकंद. जॉन वँगलरने पास टाकला, पहिल्याच वर्षाला असलेल्या अँथनी कार्टरने तो धरला आणि 45 यार्डांचं टचडाउन झालं, 27-21. "मी तिथे होतो" असं सांगणारे तुला ढिगाने भेटतील. खोटं कुणीच बोलत नसतं, पण त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो क्षण पाहिला नव्हता, ऐकला होता. अंगणातली पानं गोळा करताना, गॅरेजमध्ये, गाडीत. बॉब युफर 1945 पासून 1981 पर्यंत मिशिगनचे सामने रेडिओवर सांगत होता. निष्पक्ष वगैरे राहण्याचा त्याला पत्ताच नव्हता. मिशिगनने गुण घेतले की हॉर्न वाजवायचा, आणि कार्टरच्या त्या धावेवर तो अक्षरशः किंचाळला. ते ध्वनिमुद्रण इतक्यांदा लागलं की आता मैदानावर हजर असलेल्यांच्या डोळ्यांपुढेही युफरचाच आवाज येतो. तुझ्या आजोबांच्या वयाचे लोक बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनावर कसोटी सामने "बघायचे", त्यातलाच हा प्रकार. म्हणून 1979 साठी प्रश्न बदल, "रेडिओ कुठे होता?" ऐकलेल्याची आठवण पाहिलेल्याच्या आठवणीपेक्षा कमी दर्जाची समजू नकोस. फक्त ती ऐकलेली आहे, एवढं वाचणाऱ्याला सांग.

1991 आणि 1997 वर फार वेळ घालवू नकोस. हॉवर्डचा नोत्र दामविरुद्धचा चौथ्या डाउनवरचा, म्हणजे शेवटच्या प्रयत्नातला, आडवा झेल आणि वुडसनची ओहायो स्टेटविरुद्धची 78 यार्डांची पंटवरची धाव ही दोन्ही दृश्यं टीव्हीवर इतकी घासली गेली आहेत की लोक आता कॅमेऱ्याच्या जागेवरूनच ती सांगतात. कुणी वेगळ्या कोनातून सांगितलं तर घे.

मात्र पराभवांबद्दल विचारल्याशिवाय उठू नकोस. तुझ्या प्रश्नावलीत एकही पराभव नाही, ते मला खटकलं. घरच्या मैदानावर हरलेला सामना माणसं जास्त बारकाईने जपतात. 24 सप्टेंबर 1994, कोलोरॅडो. शेवटच्या काही मिनिटांत मिशिगन 26-14 ने पुढे. मग एक टचडाउन, आणि शेवटी सहा सेकंद उरले असताना कॉर्डेल स्टुअर्टने चेंडू आकाशात फेकला. हवेतच तो सत्तर यार्डांच्या वर गेला, गर्दीत कुणाच्या तरी हाताला लागून उडाला आणि मायकेल वेस्टब्रूकने धरला. 27-26. त्या दिवशी एक लाख सहा हजार माणसं होती. ही माणसं शोध आणि मुख्य म्हणजे लवकर उठून गेलेली शोध. जिंकलोच म्हणून पार्किंग गाठायला निघालेला माणूस ती गोष्ट आयुष्यभर सांगतो, बायको मात्र "तुम्हीच घाई केलीत" म्हणते. नवराबायकोला एकत्र बसव.

उलटही आहेच. 2004 मध्ये मिशिगन स्टेट या राज्यातल्याच दुसऱ्या विद्यापीठाविरुद्ध नऊ मिनिटांहून कमी वेळ राहिला असताना आपण 27-10 ने मागे होतो. ज्यांनी तेव्हा बाकडं सोडलं त्यांचे तीन ओव्हरटाइम, म्हणजे बरोबरी सोडवायचे जादा डाव, आणि 45-37 चा विजय हुकला. अशी माणसं सहज कबूल करत नाहीत. चहा पाज.

1 सप्टेंबर 2007 तर तुला विसरू देणारच नाहीत. मिशिगन पाचव्या क्रमांकावर, आणि हंगामाच्या सलामीला हमखास विजय म्हणून बोलावलेला खालच्या विभागातला ॲपलॅचियन स्टेटचा संघ. ते 34-32 ने जिंकले. मिशिगनची शेवटची फील्ड गोल (खांबांमधून मारायची तीन गुणांची किक) त्यांच्या कोरी लिंचने अडवली. इथे मला एक विचारावंसं वाटतं, घरचा सामना म्हणजे नक्की कुणाच्या घरचा? त्याच संध्याकाळी नॉर्थ कॅरोलायनातल्या बून गावी विद्यार्थ्यांनी आपल्याच स्टेडियममधला गोलपोस्ट उखडून काढला, जिथे त्या दिवशी सामना नव्हताच. आता नव्या पिढीतलाही इकडचा कुणीही माणूस त्या निकालाची तारीख सांगू शकतो, आणि तिकडच्यांची ती सगळ्यात लाडकी आठवण आहे. शक्य झालं तर बूनमधल्या एखाद्याशीही बोल.

2015 बद्दल मात्र माझं एक ठाम मत आहे. 17 ऑक्टोबर, मिशिगन स्टेट. आपण पुढे होतो, दहा सेकंद राहिली होती, फक्त पंट मारायचा होता. ब्लेक ओनील या ऑस्ट्रेलियन मुलाच्या हातून चेंडू निसटला, जेलेन वॉट्स-जॅक्सनने तो पळवला आणि मिशिगन स्टेट 27-23 ने जिंकली. लोक हा प्रसंग अजून हसत-चिडत सांगतात. त्या रात्री समाजमाध्यमांवर ओनीलला जे लिहिलं गेलं, ते इतकं घाणेरडं होतं की विद्यापीठाचे तेव्हाचे क्रीडासंचालक जिम हॅकेट यांना चाहत्यांसाठी खुलं पत्र लिहावं लागलं. चेंडू पळवणाऱ्या मुलाचं त्याच धावेत नितंबाचं हाड निखळलं, तो जल्लोष करणाऱ्यांच्या ढिगाखाली वेदनेने पडला होता. ही सगळी तुझ्याच वयाची मुलं. कुणी ओनीलची टिंगल सांगितली तर ती छापू नकोस. "त्या रात्री तुम्ही काय लिहिलंत?" असं विचारायचं धाडस झालं तर विचार. मला झालेलं नाही.

आता आपल्या लोकांबद्दल. डेट्रॉइटच्या आसपास आपली मराठी मंडळी भरपूर आहेत आणि कित्येक जण एमएस करायला आले तेव्हा विद्यार्थी-तिकिटावर पहिल्यांदा या बाकड्यांवर बसले. चार डाउनमध्ये दहा यार्ड, हे गणित त्यांना तिसऱ्या सामन्यापर्यंत कळलेलं नसतं. त्यांना वगळू नकोस. चेंडू कुठे आहे ते कळत नाही म्हणून ती मुलं माणसं बघतात. 2011 च्या पहिल्यावहिल्या रात्रीच्या सामन्यात शेवटच्या 72 सेकंदांत तीन टचडाउन झाले, नोत्र दामविरुद्ध 35-31. त्यांचा क्रम इथल्या जुन्या मंडळींनाही धड सांगता येत नाही. पण पुण्याहून महिन्याभरापूर्वी आलेल्या एका मुलाने मला सांगितलं की शेजारच्या अनोळखी आजोबांनी त्याला उचलूनच घेतलं. 27 नोव्हेंबर 2021 ला ओहायो स्टेटला दहा वर्षांनी हरवलं, 42-27, हसन हास्किन्सची पाच टचडाउन. बर्फ पडत होता आणि पोरं मैदानात उतरली. त्या गर्दीत आयुष्यातला पहिलाच बर्फ पाहणारी आपली मुलं होती. त्यांना हास्किन्स आठवत नाही, ओले बूट आठवतात. ते बूट लिही.

कामाचं थोडं. फोनवर पहिला शब्द "गो ब्लू" ही मिशिगनच्या चाहत्यांची घोषणा म्हण, पुढचं दार आपोआप उघडतं. ध्वनिमुद्रणाची परवानगी आधी घे, आणि नाव छापायचं की नाही ते शेवटी परत विचार, कारण बोलल्यानंतर माणसाचं मत बदलतं. कागदावर स्टेडियमचा लांबट गोल काढून दे आणि स्वतःची जागा दाखवायला सांग. बोट ठेवताच बोलण्याचा वेग बदलतो. जुनी तिकिटं, टोप्या, सामन्याच्या पुस्तिका असतील तर टेबलावर मांडायला लाव. "खूप भारी वाटलं" असं म्हणाले की थांबू नकोस, "मग काय केलंत?" विचार.

वेळ घेताना शनिवार टाळ. सामना असेल तर कुणी फोन उचलत नाही, आणि हरले असतील तर रविवारीही उचलत नाहीत. मंगळवार-बुधवार बरे. 1969 ची मंडळी थंडी पडली की फ्लोरिडाला जातात, म्हणून त्यांचं काम ऑक्टोबर संपायच्या आत उरक. पहिल्या दोन मुलाखती उतरवून झाल्या की नावं काढून मला पाठव. प्रश्न तुझे किती आणि उत्तरं त्यांची किती, ते आधी मोजते, मग बाकीचं बोलू.

तुझी,
मावशी