‘रिक्रिएशन’ शिकून पोट भरतं का?

बारावीचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. यंदा ‘रिक्रिएशन’ हा शब्द बऱ्याच पत्रांत आहे. सारखे प्रश्न एकत्र करून सहा निवडले. नावं दिलेली नाहीत.

मुलगी बारावी झाली. खेळात बरी, माणसांत रमणारी. तिला ‘रिक्रिएशन’ची पदवी करायची आहे. नागपुरात हे कुठं मिळतं? आणि हे असतं तरी काय? — एक आई, प्रतापनगर

लोकांच्या फुरसतीची व्यवस्था लावण्याचं हे शास्त्र आहे. कोणत्या वयाला कोणता खेळ झेपतो, बाग, तलाव, क्लब हाऊस किंवा विरंगुळा केंद्र रोज कसं चालवायचं, कार्यक्रमाचा खर्च कसा बसवायचा, कुणाला इजा झाली तर जबाबदारी कुणाची, हे त्यात शिकवतात. अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंडमध्ये याच्या स्वतंत्र पदव्या आहेत. आपल्याकडे हा विषय शारीरिक शिक्षण, पर्यटन आणि हॉटेल व्यवस्थापन यांत वाटला गेलाय. एखादा पेपर, एखादा घटक, एवढाच.

म्हणून पदवीचं नाव शोधत बसू नका. काम कुठं करायचं ते आधी ठरवा: पाण्यात, जंगलात, डोंगरावर, रुग्णालयात की क्लबात. शाळा-महाविद्यालयात किंवा क्रीडा खात्यात जायचं असेल तर शारीरिक शिक्षण घ्यावं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं आहे आणि नागपूरहून तीन-साडेतीन तासांवर. ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था आहे, ती 1957 ची. पदवीनंतर बी.पी.एड. करायचं तर दोन वर्षं, आणि प्रवेशासाठी राज्याची सीईटी. तिच्यात मैदानी चाचणीही असते, त्यामुळे नुसती पुस्तकं वाचून गेलेली मुलं तिथं अडकतात. रिसॉर्ट, क्लब, टूर कंपनी यांकडे ओढा असेल तर पर्यटनाची पदवी बरी. ग्वाल्हेरलाच पर्यटन व प्रवास व्यवस्थापनाची केंद्रीय संस्थाही आहे.

आमचं मत विचाराल तर पदवीनं मुलाखतीपर्यंत पोचता येतं. कामावर उभं राहू देतं ते त्या-त्या जागेचं प्रमाणपत्र. पदवीच्या तीन-चार वर्षांतच ते एक तरी हाती असावं.

बी.ए. शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत याच विषयात एम.एस. करावं म्हणतो. एजंट म्हणतो, नोकरी पक्की. — एक विद्यार्थी, कामठी

पक्की नाही. विषय तिथं खरोखर चांगला शिकवतात. क्लेमसन, पेन स्टेट, शेजारी कॅनडात वॉटरलू, या विद्यापीठांत त्याचे जुने विभाग आहेत. अडचण पुढे येते. शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावर 12 महिने काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळणारी आणखी 24 महिन्यांची वाढ या विषयाच्या बहुतेक पदव्यांना लागू होत नाही. पुढे एच-1बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. शिवाय तिथल्या या नोकऱ्या मोठ्या प्रमाणात नगरपालिका आणि उद्यान विभागांच्या असतात, कित्येक हंगामी. अशा नोकरीसाठी व्हिसाचा खटाटोप करणारी नगरपालिका मिळणं कठीण.

तरी जायचंच असेल तर एजंटाला बाजूला ठेवून तीन गोष्टी विद्यापीठालाच विचारा. पहिली, तुमची तीन वर्षांची बी.ए. ते चालवून घेतात का. दुसरी, ‘मान्यताप्राप्त एम.एस.’ असं एजंट म्हणतो ती मान्यता कसली. कारण या क्षेत्रातली सीओएपीआरटी ही मान्यता पदवी अभ्यासक्रमांना असते, एम.एस.ला नसते. त्या पदव्यांत किमान 10 आठवडे, 400 तासांची इंटर्नशिप सक्तीची असते. तुमच्या एम.एस.मध्ये तेवढी आहे का, हेही बघा.

तिसरी गोष्ट पैशांची, आणि तीच बहुतेकांना ठाऊक नसते. विद्यापीठाच्या स्वतःच्या कॅम्पस रिक्रिएशन विभागात, म्हणजे तरण तलाव, गिर्यारोहणाची भिंत, आंतरवर्गीय सामने जिथं चालतात तिथं, एम.एस.च्या विद्यार्थ्यांना असिस्टंटशिप मिळते. तिच्यात कित्येक ठिकाणी फी माफ होते. ती जागा प्रवेशाबरोबर आपोआप मिळत नाही. जाहिरात वेगळी निघते, मुलाखत वेगळी होते, आणि जीवरक्षक किंवा पंच म्हणून काम केल्याचा अनुभव मागतात. म्हणजे त्याची तयारी इथंच, आत्ताच.

बी.पी.एड. झालं. एका वसाहतीच्या तरण तलावावर कोच आहे. व्यवस्थापकाची जागा रिकामी होतेय, पण मालक म्हणतात ‘तुला पाण्याचं कळत नाही’. काय शिकू? — एक वाचक, मनीषनगर

मालक बरोबर बोलतात. पोहायला शिकवणं आणि पाणी राखणं ही दोन वेगळी कामं आहेत.

रोजच्या दोन मोजण्या पाठ करा: मुक्त क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) आणि पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्कधर्मी याचं माप) 7.2 ते 7.8. यातला पीएच लोक सोडून देतात. जंतू मारणारा भाग म्हणजे हायपोक्लोरस आम्ल. पीएच 7.5 असताना क्लोरीनचा साधारण निम्मा भाग त्या रूपात असतो, 8 झाला की जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. क्लोरीन भरपूर टाकूनही पाणी हिरवं पडतं ते यामुळे. द्रवरूप हायपोक्लोराइट वापरत असाल तर पीएच वर सरकतो, टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल) गोळ्यांनी खाली येतो. कोणतं वापरता त्यावर बाकी सगळं ठरतं.

आता नागपूरचं ऊन. एप्रिल-मेमध्ये उघड्या तलावातलं क्लोरीन उन्हानं उडून जातं. सकाळी 2 मोजलेलं दुपारी शून्याला टेकतं. म्हणून सायन्युरिक आम्ल टाकतात, 30 ते 50 पीपीएमपर्यंत ते क्लोरीनची ढाल होतं. गोम अशी की टीसीसीएच्या गोळ्यांत ते मुळातच असतं. गोळ्यांतून 10 पीपीएम क्लोरीन दिलं की सोबत 6 पीपीएम सायन्युरिक आम्लही पाण्यात जातं. रोज 2 पीपीएम क्लोरीनचा हिशेब धरला तर महिन्याला सुमारे 36 पीपीएम साठतं. मार्चमध्ये भरलेला तलाव मेअखेर 100 च्या वर गेलेला असतो. मग मोजणीत क्लोरीन दिसतं, काम मात्र करत नाही. सायन्युरिक आम्ल उडत नसल्यामुळे आणखी क्लोरीन टाकून ते कमी होत नाही. पाणी काढून नवं भरावं लागतं. निम्मं बदललं की पातळी निम्मी होते. उन्हाळ्यात पाणी महाग, म्हणून हंगामाच्या सुरुवातीपासून द्रवरूप हायपोक्लोराइट आणि गोळ्या आलटून पालटून वापरणारा व्यवस्थापक मालकाचा टँकरचा खर्च वाचवतो. मुलाखतीत एवढं सांगितलंत तरी पुष्कळ.

एक गोष्ट जिवावरची. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात, एका मापानं, एका कोपऱ्यात कधी ठेवू नका. दोन्ही मिसळली की आग लागते, विषारी वायू सुटतो.

जीवरक्षकाचं प्रमाणपत्र राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटीचं घ्या. गोव्याला राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेतही अभ्यासक्रम असतात. आणि आजपासून वही घाला: तारीख, वेळ, क्लोरीन, पीएच, पोहणारे किती, कोणतं रसायन किती टाकलं. उद्या काही घडलं तर पोलिस आणि विमावाले पहिल्यांदा तीच मागतील.

पेंच नाहीतर ताडोब्यात गाईड व्हायचंय. बी.एस्सी. झालंय. — उमरेड

प्रवेशद्वारावरचे गाईड वनविभाग आसपासच्या गावांतून निवडतो आणि ते योग्यच आहे. तुमच्यासाठी वाट रिसॉर्टच्या नॅचरलिस्टची, म्हणजे पाहुण्यांना जंगल समजावून सांगणाऱ्याची. वाघ दाखवणं हा त्या कामाचा लहानसा भाग. वाघ दिसला नाही त्या दिवशी पाहुण्यांना काय दाखवता, यावर नोकरी टिकते. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू, कुसुम पानं नसतानाही खोडावरून ओळखता यायला हवेत, पक्षी आवाजावरून. महाराष्ट्रातलं पेंच जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेलं क्षेत्र, ठरलं. तेव्हा रात्रीच्या आकाशाची ओळख असणाऱ्यालाही तिथं मागणी आहे. सोबत लाल प्रकाशाची बॅटरी ठेवावी. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि एका मोबाइलच्या उजेडानं ती मोडते.

नोकरी घेताना एक विचारा: 1 जुलै ते 30 सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असतं, त्या तीन महिन्यांचा पगार मिळतो का? पुष्कळ ठिकाणी मिळत नाही. आणि डोंगराकडेही ओढा असेल तर उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगचा गिर्यारोहणाचा सुमारे चार आठवड्यांचा बेसिक कोर्स करा. नंबर लागायला वेळ लागतो, अर्ज लवकर टाका. ‘ए’ श्रेणी मिळाली तरच पुढचा कोर्स. नागपूर सपाट, म्हणून पाठीवर 12-15 किलो घेऊन रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढण्याचा सराव ठेवा.

रिक्रिएशन थेरपी भारतात करता येते का? — धंतोली

रिक्रिएशन थेरपी म्हणजे खेळ, कला, छंद यांतून रुग्णावर उपचार. अमेरिकेत त्यासाठी सीटीआरएस हे प्रमाणपत्र आहे, त्यासाठी ठरावीक विषयांची पदवी आणि 14 आठवडे, 560 तासांची इंटर्नशिप लागते. आपल्याकडे 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या परिशिष्टात रिक्रिएशनल थेरपिस्ट हे नाव आलं आहे. नाव आलं म्हणून नोकऱ्या आल्या असं होत नाही. आज सर्वांत जवळची आणि पोट भरणारी वाट ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे रुग्णाला रोजची कामं पुन्हा जमवून देण्याच्या उपचाराची. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातच तो अभ्यासक्रम आहे, प्रवेश नीटवरून.

आम्ही दोघी मैत्रिणी उन्हाळी शिबिर काढतोय. मुलं 9 ते 12 वर्षांची. किती मुलं घ्यावीत? — त्रिमूर्तीनगर

जितकी येतील तितकी, हे उत्तर चुकीचं आहे. हिशेब करून बघा. समजा मैदान, ध्वनिक्षेपक, विमा आणि चार प्रशिक्षक मिळून ठरलेला खर्च 84,000 रुपये. प्रत्येक मुलामागे खाऊ, टी-शर्ट, साहित्य 1,100. फी 3,200. म्हणजे एका मुलामागे हातात 2,100. खर्च भरून निघायला नेमकी 40 मुलं लागतात. अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं दिवसाच्या शिबिराचं प्रमाण या वयाला 10 मुलांमागे एक मोठं माणूस असं आहे आणि ते पाळण्यासारखं आहे. मग 41 वं मूल आलं की पाचवा प्रशिक्षक लागला. त्याचे 8,000 धरले तर 41 ते 43 मुलांपर्यंत तुम्ही तोट्यात, 44 ला कसेबसे 400 रुपये सुटतात, 50 ला 13,000. म्हणून 40 वर प्रवेश थांबवून प्रतीक्षा यादी करा. यादीत किमान चार-पाच नावं जमली तरच पुढची तुकडी उघडा.

भावंडांना 10 टक्के सवलत देऊ नका. 3,200 चे 10 टक्के म्हणजे 320, पण ते जातात तुमच्या 2,100 मधून, म्हणजे पंधरा टक्के. झिपलाइन, रॅपलिंग असलं काही घालणार असाल तर राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. पहिल्या वर्षी ते टाळलेलंच बरं. मैदानात पत्र्याची घसरगुंडी असेल तर तिचं तोंड उत्तरेला आहे का बघा, नसेल तर पत्रा उन्हानं तापतो, आठनंतर तिला दोरी बांधून बंद करा. वेळ सकाळी 6:30 ते 9:30. आईबापांना सोयीचं म्हणून पत्रकात 11 पर्यंत छापू नका. मे महिन्यातल्या नागपुरात साडेनऊनंतर मुलांना मैदानावर ठेवायचं नसतं.