वाचक विचारतात : पौंड स्वस्त, घोडे महाग

प्रश्न : मी आणि माझा मुलगा पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीसाठी (थांबलेल्या गाडीपासून, सरळ रेषेत) अमेरिकन मसल कार (दणकट ताकदीची गाडी) बांधायला घेतोय. 11.60 सेकंदांच्या आसपास पोचायचंय आणि गाडी रस्त्यावरही चालली पाहिजे. तीन गाड्या नजरेत आहेत : 1970 ची डॉज चार्जर, 1971 ची शेवी नोव्हा आणि 1989 ची फोर्ड मस्टँग एलएक्स नॉचबॅक (डिकी वेगळी असलेली), चार सिलिंडरची. मुलाला चार्जरच हवी. काय करावं? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : चार्जर देखणी आहे, पण तुमच्या कामाला जड. चालकासकट गाडीचं वजन पौंडांत घ्या, त्याला अश्वशक्तीने भागा, आलेल्या आकड्याचं घनमूळ काढा आणि 5.825 ने गुणा. पाव मैलाच्या वेळेचा अंदाज मिळतो. व्ही-8 (आठ सिलिंडरचं इंजिन) बसवलेली नॉचबॅक मस्टँग चालकासकट 3,200 पौंडांच्या आसपास भरते. 400 घोडे (म्हणजे अश्वशक्ती) असतील तर भागाकार 8, घनमूळ 2, वेळ 11.65. मोठ्या इंजिनाची चार्जर चालकासकट 4,000 पौंडांच्या घरात जाते, म्हणजे तेवढ्याच वेळेसाठी 500 घोडे लागतील. वरचे शंभर घोडे एकटे येत नाहीत. जास्त कॉम्प्रेशन, महाग पेट्रोल, तगडा गिअरबॉक्स आणि तगडा मागचा अॅक्सल बरोबर घेऊनच येतात. शिवाय हा हिशोब टायर पकडतात असं धरून आहे. चाकं जागेवर फिरत राहिली तर 11.65 कागदावरच राहतं.

मुलाची समजूत घालायची तर खुद्द डॉजचाच दाखला द्या. 1968 मध्ये कंपनीला ड्रॅग स्ट्रिपसाठी (शर्यतीचा सरळ ट्रॅक) 426 घनइंची हेमी इंजिन बसवायचं होतं तेव्हा त्यांनी चार्जर नाही, छोटी डार्ट निवडली. पुढचे फेंडर आणि बॉनेट फायबरग्लासचं, दारांचा पत्रा पातळ केलेला, मागची सीट गायब, हीटर गायब, काच वर ओढायला नुसता पट्टा. (साधी डार्ट आजही चांगली निवड आहे. फक्त सहा सिलिंडरच्या डार्टमधला सव्वासात इंची मागचा अॅक्सल चिकट टायरवर टिकत नाही, हे धरून चाला.)

1971 ची नोव्हा हा खरा दुसरा पर्याय. शेवीच्या स्मॉल ब्लॉक (छोट्या व्ही-8) इंजिनाइतके सुटे भाग दुसऱ्या कुठल्याच व्ही-8 ला इतक्या सहज मिळत नाहीत, आणि पुढची सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारा सांगाडा) शेवीच्याच पहिल्या पिढीच्या कॅमारोशी जुळत असल्याने सस्पेन्शनच्या सामानाचीही ददात नाही. अडचण मागच्या कमानपाट्यांची. जोर आला की अॅक्सल फिरायला बघतो, पाटा वाकडातिकडा वळतो, सुटतो, पुन्हा वळतो. चाक उड्या मारतं आणि एखाद्या स्टार्टला प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉसही (सांधा) जातो. म्हणून ट्रॅक्शन बार (अॅक्सलला फिरू न देणारे दांडे) पहिल्या दिवसापासून खर्चात धरा. कुणी सांगेल, 1962 ते 67 ची नोव्हा याहून हलकी. खरं आहे. पण तिचं इंजिन-घर अरुंद, हेडर (इंजिनाचा धूर बाहेर नेणारे नळ) मोजून मापून बसवावे लागतात आणि स्टिअरिंगच्या सांध्यामुळे ऑइल चेंबरही वेगळा लागतो. पहिल्याच गाडीला ही डोकेदुखी नको.

आमचा कौल मस्टँगला. चार सिलिंडरची आहे म्हणून बिचकू नका, इंजिन काढून व्ही-8 च बसवायचं आहे. उलट तोच तिचा गुण. व्ही-8 वाल्या बहुतेकींनी स्ट्रिपवर मार खाल्लेला असतो. हिने फार तर ऑफिस-घर केलेलं असतं. मात्र रेडिएटर, पुढच्या स्प्रिंगा, पेट्रोल पंप, वायरिंग, पुढचे मोठे ब्रेक आणि साडेसात इंचीच्या जागी 8.8 इंची अॅक्सल, एवढं सगळं बदलावं लागेल. त्यामुळे इंजिन सुटं शोधण्यापेक्षा अपघातात गेलेली अख्खी व्ही-8 मस्टँग विकत घेऊन तिचे भाग काढणं स्वस्त पडतं. मूळचा टी-5 (हाताने बदलायचा) गिअरबॉक्स स्लिक (गुळगुळीत, चिकट) टायरवर ठेवू नका. जोरात केसिंग फाकतं, गिअर एकमेकांपासून सरकतात आणि बहुधा तिसऱ्याचे दात जातात. त्याऐवजी फोर्डचा सी-4 ऑटोमॅटिक आणि 3,000 ते 3,500 आरपीएमवर पकड घेणारा टॉर्क कन्व्हर्टर बसवा. मूळचा 302 घनइंची व्ही-8 चा ब्लॉक 400 घोडे आरामात पेलतो. 500 च्या पुढे मात्र तो मधोमध चिरतो, तेव्हा नंतर नायट्रसचा (इंजिनात वायू सोडून ताकद वाढवण्याचा) मोह आवरा.

गाडी बघायला जाताना चुंबक, टॉर्च आणि जाड स्क्रूड्रायव्हर न्या. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, त्यामुळे वरचा रंग बघून काहीच कळत नाही. चुंबक न चिकटला तर रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा आणि पुढचे स्ट्रट टॉवर (सस्पेन्शनचं वरचं टोक धरणारे पत्र्याचे बुरूज) बघा. मग खाली शिरा. मागचे लोअर कंट्रोल आर्म (अॅक्सलला बॉडीशी जोडणारे खालचे दांडे) पुढच्या टोकाला ज्या पेटीत बोल्टने बसतात ते टॉर्क बॉक्स. तिथली माती खरवडून काढा आणि स्पॉट वेल्डच्या कडेने टॉर्च तिरपा मारा. केसासारखी रेघ दिसली तर पेटी सुटायला लागली आहे. वरच्या पेट्या मागची सीट उचलून आतून दिसतात. चिरलेली पेटी हे गाडी नाकारायचं कारण नाही, किंमत पाडायचं कारण आहे. पट्ट्या वेल्ड करून ती दुरुस्त होते. गंजून झरझरलेली पेटी मात्र सोडून द्या.

एक काम इंजिनाच्याही आधी करा : सबफ्रेम कनेक्टर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या सांगाड्याला जोडणाऱ्या पोलादी पट्ट्या. वेल्डिंग करताना गाडीचं वजन चारही चाकांवर असलं पाहिजे. दोन खांबी लिफ्टवर लटकवून वेल्ड केलंत तर बॉडी लटकल्या आकारातच कायमची पक्की होते. मग दारं घासतात आणि कारण सापडत नाही.

इंग्लिशटाउनची स्ट्रिप 2018 च्या जानेवारीत ड्रॅगसाठी बंद झाली. आता न्यू जर्सीतल्याच ग्रेट मेडोजची आयलंड ही स्ट्रिप किंवा पेनसिल्व्हेनियातली मेपल ग्रोव्ह. कुठेही जा, एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेचे नियम डोक्यात ठेवूनच गाडी बांधा. 13.99 सेकंद किंवा त्याहून कमी वेळेला हेल्मेट, 11.49 पासून रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पोलादी कमान), 10.99 पासून मूळच्याऐवजी बाजारातले तगडे अॅक्सल-दांडे. 8.8 मध्ये हा दांडा आतल्या सी-क्लिपने अडकलेला असतो, म्हणून 10.99 पासून क्लिप काढून बाहेरून धरणारी सोयही लागते. स्लिक असतील तर 13.99 पासूनच प्रॉपेलर शाफ्टला (ताकद मागच्या अॅक्सलकडे नेणारा दांडा) लोखंडी कडं. नाहीतर पुढचा क्रॉस तुटला की शाफ्ट जमिनीत रुततो आणि गाडी उचलतो. 11.60 ची गाडी थंड संध्याकाळी सहज 11.45 पळते आणि रोल बार नसला तर तिथेच घरी पाठवतात. तो आधीच बसवा.

प्रश्न : वजन उतरवायला सुरुवात कुठून करावी? मागची सीट आणि डिकीतलं सामान काढलंय, तरी वेळ सुधारत नाही. (डॅलस)

उत्तर : उलट्या टोकाने सुरुवात केलीत. सुटताना मागच्या टायरवर वजन हवं असतं आणि तुम्ही नेमकं तिथलंच काढलंत. ढोबळ हिशोबात 100 पौंडांना सेकंदाचा दहावा भाग मिळतो, पण वजन पुढून काढलं तरच तो पूर्ण पदरात पडतो. एसीचा कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर, बंपरच्या आतले जाड लोखंडी आधार, पोलादी बॉनेट, बिडाचे सिलिंडर हेड (या दोन्हींच्या जागी हलके बसवून), या क्रमाने जा. बॅटरी डिकीत उजव्या मागच्या चाकावर न्या. तिथे वजन कमी होत नाही, पण जागा बदलते आणि तेही तितकंच कामाचं.

दारांतल्या आडव्या पोलादी पट्ट्या आतून नळ्यांचा सुरक्षा-पिंजरा बसवल्याशिवाय कापू नका. पुढचा अँटी-रोल बार काढला तर नाक लवकर उचलतं, पण तीच गाडी रस्त्यावर चालवत असाल तर तो राहू द्या. नाहीतर वळणावर गाडी एका बाजूला झुकते. प्रत्येक बदलानंतर ट्रक स्टॉपच्या काट्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोला, टाकीत दर वेळी सारखंच पेट्रोल ठेवून.

प्रश्न : बॅटरी डिकीत नेली, मागे कटऑफ स्विचही (गाडीची सगळी वीज तोडणारा) बसवला. तरी स्ट्रिपवरच्या तपासणीत नापास. स्विच बंद केल्यावर इंजिन चालूच राहतं. (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : अल्टरनेटर इंजिनाला वीज पुरवतोय. तुम्ही फक्त बॅटरी तोडलीत. अल्टरनेटरची जाड तार स्विचच्या बॅटरीकडच्या बोल्टला जोडा, म्हणजे स्विच बंद झाला की दोन्ही एकदमच तुटतील. ही तार डिकीपर्यंत फ्यूजसकटच न्या, कारण ती कायम जिवंत असते. स्विचवर ‘ऑफ’ लिहा आणि तो ढकलून बंद होईल असाच बसवा. बॅटरी बांधायला 3/8 इंची बोल्ट वापरा. रबरी पट्टा चालत नाही.