तुमचे प्रश्न: एलिंग्टनचा बँड टिकला कसा?

प्रश्न: सध्या अमेरिकन जाझवाला ड्यूक एलिंग्टन ऐकतोय. माणूस पियानोवाला, पण बँडमध्ये चार सूर टाकतो आणि गप्प. मग एवढं नाव कशाचं? आणि महायुद्धानंतर बाकीचे बिग बँड (पंधरा-वीस वादकांचे मोठे जाझ ताफे) धडाधड बंद पडले, याचा १९७४ मध्ये तो जाईपर्यंत कसा काय चालला? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: कान तयार आहेत तुमचे! बँडमध्ये तो मोजकंच वाजवायचा, सोलो वाजवणाऱ्याला जरा डिवचायचं की झालं, कारण त्याचं खरं वाद्य म्हणजे समोर बसलेली ती पंधराएक माणसं. नोटेशनच्या कागदावर पुष्कळदा वाद्याऐवजी वादकाचंच नाव असायचं, कूटी विल्यम्सचा ट्रंपेट दुसऱ्याच्या तोंडी शोभणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक. बेसिन तुंबलं की आपण तो रबरी प्लंजर काढतो ना, त्याचीच वाटी ट्रंपेटच्या तोंडावर उघडझाप करत कूटी वाजवायचा, अक्षरशः कोणीतरी गुरगुरतंय असं वाटतं. आणि १९३० चं 'मूड इंडिगो' नीट ऐका, क्लॅरिनेट सहसा वरच्या सुरात असते, इथे पठ्ठ्याने तिला तळाला खर्जात बसवलंय आणि एरवी खालच्या सुरातला ट्रॉम्बोन तिच्या डोक्यावर! हेडफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर नाही कळायचं.

आता टिकण्याचं. १९२७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या कॉटन क्लबात काम मिळालं (वाजवणारे काळे, गिऱ्हाईक गोरं, असला तो क्लब), तिथून रेडिओवर कार्यक्रम जायचे आणि देशभर नाव झालं. पुढे महायुद्धानंतर बिग बँडचे दिवस फिरले तेव्हा स्वतःच्या गाण्यांची रॉयल्टी तो सरळ बँडच्या पगारात घालायचा, हा धंदा नव्हेच म्हणा, पण आज लिहिलेलं लगेच वाजवून ऐकायला मिळायचं, त्याला तेच हवं होतं. म्हणून तर सॅक्सोफोनवाला हॅरी कार्नी १९२७ पासून शेवटपर्यंत त्याच्याकडेच राहिला. मधे जरा विसरल्यासारखं झालं होतं लोकांना, पण १९५६ ला अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या जाझ फेस्टिव्हलमध्ये बँडमधल्याच सॅक्सोफोनवाल्या पॉल गोन्साल्व्हिसने एकाच सोलोत ब्लूजची २७ आवर्तनं वाजवली, पब्लिक उठून नाचायला लागलं आणि गाडी परत रुळावर.

बाय द वे, १९६३ च्या दौऱ्यात हा बँड मुंबईतही वाजवून गेलाय. त्याच दौऱ्यावरून सुचलेल्या 'फार ईस्ट स्वीट'मध्ये (स्वीट म्हणजे suite, एका सूत्रातल्या रचनांची माळ) दिल्लीचा एक पक्षी आहे, नाव ब्लूबर्ड पण खरी आपली मैना, जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटवर. 'मूड इंडिगो' झालं की तेच लावा.