खेळ लिहून घेताना भांडणंही लिहून घे

सप्रेम आशीर्वाद.

तू नोंदवायला घेतलेल्या खेळांची यादी मिळाली. विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या, सूरपारंब्या, सागरगोटे, झिम्मा, पिंगा, आणि प्रत्येकापुढे साहित्य, खेळाडू, नियम असे रकाने. काम नेटकं आहे. पण तेवढं वाचून अनोळखी पोरांना डाव मांडता येईल का, याची मला शंका आहे.

'नियम काय?' असं विचारलंस की माणूस चार वाक्यं पाठ म्हटल्यासारखी बोलतो आणि गप्प बसतो. त्यापेक्षा 'रडी कोण खायचं? भांडणं कशावरून व्हायची?' असं विचार. सत्तरीतली माणसंसुद्धा हातवारे करत उठतात. विटी थेट झेलली की जमिनीला टेकून उडाली? लगोरीची शेवटची ठिकरी रचली खरी, पण हात काढताच घसरली, मग लगोरी लागली म्हणायची का? खेळ खरा चालतो तो या वादांच्या निकालांवर. तसंच कच्च्या लिंबाचं. मागे लागलेल्या धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही, ही सोय छापील नियमावलीत सापडणार नाही. राज्य कुणावर हे ठरवायला पोरं चकायची कशी, हातांवर हात ठेवून तळवे उलटे-सुलटे कसे टाकायची, तेही खेळाआधीचा खेळ म्हणून टिपून ठेव.

विटीदांडूची मोजणी घे. वकट, लेंड, मूंड, नाल... दांड्याने अंतर मोजत जायचं आणि जिथे मोजणी संपेल त्यावरून पुढचा टोला कसा मारायचा ते ठरायचं. कधी विटी पायावर ठेवून, कधी मुठीवरून, कधी चक्क डोळ्यावर ठेवून. कोणत्या शब्दाला कोणता पवित्रा हे गावागणिक बदलतं. म्हणून ऐकू येईल तसंच लिही, कुणी 'रेंड' म्हणालं तर त्याचं 'लेंड' करू नकोस. तेलुगू आकड्यांशी या शब्दांचं नातं कानालाच कळतं, आणि शुद्धलेखनाच्या हौसेपायी असे धागे तुटतात.

फुगडी, झिम्मा, पिंगा यांची गाणी बसवून म्हणवून घेऊ नकोस. (माइकसमोर मांडी घालून म्हटलेली खेळाची गाणी मला नेहमी आजारी वाटतात.) फुगडीचा वेग वाढला की दम लागतो, ओळी तुटतात, मधेच हशा पिकतो. तेच ध्वनिमुद्रण हवं. पायांचं चित्रीकरण वेगळं घे. फोन धरणारे सगळे चेहरे टिपण्याच्या मागे असतात आणि बसफुगडी कशी घातली ते कुठेच दिसत नाही.

आता 'सगळ्यांसाठी एक प्रमाण नियमावली करू' या तुझ्या कल्पनेबद्दल. घाई नको. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली खो-खोचे नियम बांधायला घेतले आणि त्या वाटेने खेळ स्पर्धांत टिकला, हे खरंच. पण हुतूतूचं बघ. संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार खेळले जायचे. संजीवनीत बाद झालेला भिडू परत उठतो, गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो, अमरमध्ये बाद झाला तरी मैदान सोडत नाही, फक्त गुण मोजले जातात. आजच्या कबड्डीत बाद गडी परत येतो, म्हणजे वाट संजीवनीची धरली गेली. बाकीचे दोन आता किती पोरांना ठाऊक आहेत? स्पर्धा भरवणाऱ्याला खेळाचा एकच पाठ, म्हणजे एकच रूप, लागतं. तुझं काम वेगळं आहे. तू सगळे पाठ ठेव, आणि प्रत्येकापुढे गाव, सांगणाऱ्याचं वय आणि तो खेळ शेवटचा कधी खेळला ते लिही.

ज्यांच्याकडून घेशील त्यांना विचारूनच घे आणि एक प्रत त्यांच्या घरी पोचव. मुलांचे चेहरे घरच्यांच्या परवानगीशिवाय कुठेही टाकू नकोस. यावर जास्त काही सांगायला नको.

सुरुवात आट्यापाट्यांपासून कर. सागरगोटे दोघींतही चालतात, त्यांना अजून वेळ आहे. आट्यापाट्यांना मात्र दोन्ही बाजूंना पुरेसे गडी आणि मोकळी जमीन लागते, आणि पाटी, म्हणजे जमिनीवर आखलेली रेघ, धरून हुलकावणी ओळखणारे म्हातारे होत चाललेत. त्यांना मैदानावर ने, पाट्या त्यांनाच आखू दे. पावलांनी आखल्या तर नोंद पावलांतच कर, मीटर कंसात. पाऊल कुणाचं होतं तेही लिही.

कळावे.